माझ्या मशीनवर तर सही बरोबर दिसतेय

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला आमच्या टेस्टरचा मेसेज आला, "अरे, मॅकवर उघडतच नाहीये. अ‍ॅप डॅमेज झालंय, ट्रॅशमध्ये टाका म्हणतंय." मी अर्धवट झोपेत तेच अ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर डबल क्लिक केलं, एका सेकंदात उघडलं. मग मी ते वाक्य टाइप केलं जे आपण सगळेच टाइप करतो, माझ्याकडे तर चालतंय. तिने नुसता एक अंगठा पाठवला. त्या अंगठ्यात काय काय भरलेलं होतं ते ज्यांनी कधी डेस्कटॉप अ‍ॅप लोकांच्या हातात दिलंय त्यांना कळेल.

पुढचे चार दिवस कोड सायनिंगमध्ये गेले, म्हणजे अ‍ॅप आपलंच आहे आणि मध्ये कुणी बदललेलं नाही हे सांगणारी डिजिटल सही त्यावर करण्यात. अ‍ॅप साधंच आहे, इलेक्ट्रॉनवर (वेबच्या कोडमधून डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची चौकट) बनवलेलं, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, आणि बिल्डचं सगळं काम माझ्याकडे कारण बाकी कुणी हात लावायला तयार नसतं. या चार दिवसांत जेवढे एरर पाहिले त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली, की मी सही तपासत होतो ती त्याच मशीनवर जिथे ती केली होती. आणि ते मशीन आपल्याच घरचं असल्यासारखं सगळं सांभाळून घेतं. सही करायची गुप्त की (किल्ली) तिथेच, सर्टिफिकेटची (सही कुणाची ते सांगणारा दाखला) चेन, म्हणजे त्या दाखल्यापासून मूळ विश्वासू संस्थेपर्यंतची साखळी, तिथेच, फाइल इंटरनेटवरून आलेलीच नाही. मग ते कशाला तक्रार करेल.

आधी त्या "डॅमेज" वाल्याचं सांगतो. मॅकवर ब्राउझरने फाइल उतरवली की ब्राउझर तिच्यावर क्वारंटाइन नावाचा एक अ‍ॅट्रिब्यूट चिकटवतो, आणि पहिल्यांदा उघडताना तो दिसला की गेटकीपर, म्हणजे मॅकचा दारावरचा पहारेकरी, जागा होतो, सही नीट आहे का, नोटरायझेशन (अ‍ॅपलकडे पाठवून अ‍ॅप तपासून घेणं) झालंय का वगैरे बघतो. आपण स्वतः बिल्ड केलेल्या फाइलवर हा अ‍ॅट्रिब्यूट नसतोच. टर्मिनलमधून कर्लने उतरवली तरी नसतो. म्हणजे मी माझ्या लॅपटॉपवर डबल क्लिक करत होतो तेव्हा गेटकीपरने ती तपासणी केलेलीच नव्हती, मी आपला उगाच छाती काढून बसलेलो. एक्सअ‍ॅटर कमांडने तो अ‍ॅट्रिब्यूट हाताने लावला आणि लगेच माझ्याकडेही तोच मेसेज. बरं वाटलं खरं तर, एरर माझ्याकडे आला म्हणजे निम्मं काम झालं.

मग कोडसाइनला (सही करायचं आणि तपासायचं मॅकचं टूल) व्हेरिफाय, डीप, स्ट्रिक्ट असे सगळे ऑप्शन देऊन चालवलं आणि व्हर्बोज लावलं (हे लावाच, नाहीतर तो एका ओळीत बोळवण करतो). म्हणाला सील केलेला रिसोर्स मिसिंग किंवा इनव्हॅलिड आहे, आणि खाली, एक फाइल अ‍ॅड झालीये. कुठली फाइल, तर बिल्ड नंबर लिहिलेली छोटी जेसन फाइल. ती आमचीच स्क्रिप्ट रिसोर्सेस फोल्डरमध्ये टाकते. आधी टाकायची ती सायनिंगच्या अगोदर, पण मध्ये कधीतरी स्क्रिप्टचा क्रम बदलला आणि आता व्हायचं असं की अ‍ॅप साइन झालं, नोटरायझेशनला गेलं, पास होऊन आलं, त्याचं तिकीट अ‍ॅपला जोडून (स्टेपल) झालं, आणि मग ही फाइल आत टाकून डीएमजी (मॅकवाल्यांना द्यायची फाइल) बनली. पाकीट चिकटवून लाखेची मोहोर मारायची आणि मग परत फोडून आत एक चिठ्ठी सरकवायची, असा प्रकार. नोटरायझेशनवाल्यांनी जे पाहिलं ते बरोबरच होतं, त्यानंतर आम्ही घाण केली.

हाच प्रकार विंडोजवर दुसऱ्या वेशात असतो. तिथे एक्झी फाइलचा आयकॉन आणि व्हर्जन बदलायला आरसीएडिट वापरतात, आणि ते सायनिंगनंतर चाललं की हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळत नाही, सही गेली. आमच्या स्क्रिप्टमध्ये तेही उलटंच होतं. रात्रीचा एक वाजला होता म्हणून मी ती ओळ सरळ कमेंट (म्हणजे बंद) केली, म्हटलं सकाळी बघू.

नोटरायझेशनबद्दल थोडं, कारण अजून खूप जणांना वाटतं की सर्टिफिकेट घेतलं म्हणजे झालं. २०१८ ला मोजावेमध्ये हे आलं, आणि कॅटलिनापासून अ‍ॅप स्टोअरच्या बाहेर वाटलेल्या नवीन अ‍ॅपना ते लागतंच. पूर्वी ऑल्टटूलने अपलोड करायचो, ते नोव्हेंबर २०२३ पासून बंद झालं, आता नोटरीटूल. जुने ब्लॉग वाचून ऑल्टटूलच्या कमांड चिकटवत बसू नका, मी बसलोय एकदा. आणि रिजेक्ट झालं तर नुसतं "इनव्हॅलिड" वाचून डोकं धरू नका, नोटरीटूललाच सबमिशनचा आयडी देऊन लॉग मागवता येतो, त्यात फाइलच्या पाथसकट लिहिलेलं असतं की हिच्यात हार्डन्ड रनटाइम (अ‍ॅपवरची जादा सुरक्षा बंधनं) चालू नाही, हिला सिक्युअर टाइमस्टॅम्प नाही, ही डेव्हलपर आयडीने (स्टोअरबाहेर वाटायच्या अ‍ॅपसाठीचं अ‍ॅपलचं सर्टिफिकेट) साइनच नाही. इलेक्ट्रॉनवाल्यांचं घोडं बहुतेक वेळा नेटिव्ह मॉड्यूलपाशी पेंड खातं, कुठल्यातरी पॅकेजच्या पोटात एक डॉट नोड फाइल असते जिला कुणी विचारलेलंच नसतं. कोडसाइनला डीप दिलं की सगळं आतलं आपोआप साइन होईल या भरवशावर राहू नका, सही करताना डीप वापरू नका असं अ‍ॅपल स्वतः सांगतं. आतून बाहेर यायचं, आधी आतल्या लायब्ररी, मग हेल्पर, शेवटी मुख्य अ‍ॅप. व्हेरिफाय करताना मात्र डीप चालतं. आणि हार्डन्ड रनटाइम चालू केल्यावर अ‍ॅप उघडता क्षणी क्रॅश व्हायला लागलं तर जिटची (चालता चालता मशीन कोड बनवण्याची) परवानगी देणारं एंटायटलमेंट राहिलंय का ते बघा, इलेक्ट्रॉनला ते लागतं.

आता दुसरा दिवस. म्हटलं हे नेहमी माझ्याच लॅपटॉपवरून करायचं नाही, सीआयवर (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) हलवू. तिथल्या मॅकवर सर्टिफिकेट टाकलं, आणि व्हॅलिड आयडेंटिटी (सर्टिफिकेट आणि त्याची की अशी जोडी) किती, तर शून्य. डॉट सर फाइल तर इम्पोर्ट झालेली दिसतेय, नाव दिसतंय, तारीख दिसतेय, पण शून्य. कारण त्या फाइलमध्ये फक्त सर्टिफिकेट असतं, प्रायव्हेट की नसते. की त्या मशीनवर जन्मते जिथे आपण सर्टिफिकेटची रिक्वेस्ट बनवली, आणि ती तिथून आपोआप कुठेही जात नाही. पोर्टलवरून सर्टिफिकेट शंभर वेळा डाउनलोड करा, की येणार नाही. आमची की कुठे होती, तर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर आणि नशिबाने मग माझ्या कीचेनमध्ये (मॅकची की आणि पासवर्डची तिजोरी), कारण जाताना त्याने मला डॉट पी-ट्वेल्व्ह फाइल (की आणि सर्टिफिकेट एकत्र असलेली) करून दिली होती आणि मी ती न समजता डबल क्लिक केली होती. तेव्हा त्याला नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं. अशा वेळी की खरंच हरवली असेल तर नवीन सर्टिफिकेट काढा, डेव्हलपर आयडीचं अकाउंट होल्डरलाच काढता येतं म्हणून त्याला आधी गाठा, पण रागाच्या भरात जुनं रिव्होक (रद्द) करू नका. त्या सर्टिफिकेटने साइन केलेली अ‍ॅप्स लोकांना मग इन्स्टॉल करता येत नाहीत. की चोरीला गेली असेल तरच ते बटण.

तर मी पी-ट्वेल्व्ह बनवली. कीचेनमधून एक्स्पोर्ट करायच्या ऐवजी शहाणपणा करून ओपनएसएसएलने बनवली, की आणि सर्टिफिकेट वेगवेगळं हवं होतं म्हणून. सीआयवर इम्पोर्ट करायला गेलो तर मॅक व्हेरिफिकेशन फेल, आणि कंसात विचारतोय, पासवर्ड चुकला का? (हा मॅक म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, मेसेज ऑथेंटिकेशन कोड, नावातसुद्धा गोंधळच.) मी पासवर्ड परत टाकला. कॉपी केला. हाताने टाइप केला. शेवटी स्पेशल कॅरेक्टर नसलेला नवीन पासवर्ड ठेवून बघितला. दोन तास. पासवर्डचा काही संबंधच नव्हता! ओपनएसएसएल ३ पासून पी-ट्वेल्व्ह बनवताना डीफॉल्टने नवे अल्गोरिदम वापरतात, आणि मॅकचं इम्पोर्ट करणारं टूल ते ओळखत नाही, मग ते बिचारं समजतं की पासवर्ड चुकलाय. एक्स्पोर्ट करताना लेगसी हा ऑप्शन दिला, एका फटक्यात गेलं. त्या प्रश्नचिन्हासाठी मी त्या एरर लिहिणाऱ्याला माफ केलंय, निदान खात्री नाही हे त्याने कबूल तरी केलं.

इम्पोर्ट झालं तर पुढे साइन करताना एरर, इंटर्नल कंपोनंट. बस्स एवढंच. हा मेसेज सीआयवर किंवा एसएसएचवरून आला तर बहुतेक वेळा कीचेन लॉक्ड असतं किंवा की वापरायची परवानगी विचारणारा डायलॉग उघडायला समोर स्क्रीनच नसते. कीचेन अनलॉक करायचं आणि सिक्युरिटी कमांडनेच कीची पार्टिशन लिस्ट सेट करायची, म्हणजे कोडसाइनला न विचारता की वापरता येते. यातलं दुसरं सगळे विसरतात. ते करूनही माझ्याकडे एक वॉर्निंग उरलीच, की सायनरपासून रूटपर्यंत चेन बनत नाही. म्हणजे मधलं इंटरमीजिएट सर्टिफिकेट त्या मशीनवर नाही. माझ्या लॅपटॉपवर ते कधीतरी एक्सकोडने (अ‍ॅपलचं अ‍ॅप बनवायचं टूल) गुपचूप आणून ठेवलेलं, म्हणून मला त्याचं अस्तित्वच माहीत नव्हतं. अ‍ॅपलच्या सर्टिफिकेट अथॉरिटीच्या पानावरून डेव्हलपर आयडी जी-टू उतरवून इम्पोर्ट केलं, संपलं.

आणि इथे एक सापळा आहे, माझ्या मित्राने त्यात पूर्ण दिवस घालवला. चेनचा एरर आला की माणूस कीचेन अ‍ॅक्सेस उघडतो, सर्टिफिकेटवर लाल खूण दिसते, आणि तो प्रेमाने त्याला "ऑलवेज ट्रस्ट" करून टाकतो. खूण निळी होते, बरं वाटतं, आणि कोडसाइन आता त्याच कारणाने फेल होतं. ट्रस्ट सेटिंग हाताने बदललेलं त्याला चालत नाही, परत सिस्टिम डीफॉल्टवर ठेवा. म्हणजे मदत करायला गेलो आणि पायावर धोंडा.

तिसरा दिवस विंडोजचा. इथे जुन्या लोकांना आठवत असेल, पीएफएक्स फाइल (विंडोजवरची पी-ट्वेल्व्ह) असायची, पासवर्डसकट सीआयच्या सीक्रेटमध्ये टाकली की वर्षानुवर्षं बघायला नको. १ जून २०२३ पासून ते गेलं. आता पब्लिक सर्टिफिकेट अथॉरिटीकडून कोड सायनिंग सर्टिफिकेट घेतलं की त्याची प्रायव्हेट की हार्डवेअरमध्येच राहिली पाहिजे, टोकन किंवा एचएसएम (की सांभाळणारं यंत्र), फिप्स १४०-२ या सुरक्षा मानकाच्या लेव्हल २ चं किंवा त्याच्या तोडीचं. ईव्हीला (कंपनीची जास्त कडक पडताळणी करून मिळणारं सर्टिफिकेट) हे आधीपासून होतं, आता सगळ्यांना. चिडचिड होते, पण कारण खोटं नाही. २०१० ला स्टक्सनेट हे मालवेअर सापडलं तेव्हा त्याच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉनच्या चोरलेल्या कींनी केलेल्या सह्या होत्या, आणि २०२२ ला एनव्हिडियाची सर्टिफिकेट लीक झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी साइन केलेलं मालवेअर फिरायला लागलं. फाइल म्हटली की ती कॉपी होणारच.

तर आमचं टोकन यूएसबीचं आहे, बिल्ड मशीनला मागे लावलेलं. मी रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर गेलो, साइनटूल (विंडोजचं सही करायचं टूल) चालवलं, म्हणे दिलेल्या निकषांत बसणारं एकही सर्टिफिकेट सापडलं नाही. उठून जाऊन टोकन बघितलं, दिवा लागलेला. काढून परत लावलं. दुसऱ्या पोर्टला लावलं. ड्रायव्हर परत टाकला. परत माझ्या खुर्चीत येऊन रिमोटने बघितलं, नाही. त्या मशीनसमोर उभं राहून बघितलं, आहे! काखेत कळसा म्हणतात तो हा. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये विंडोज स्मार्टकार्ड बघतं ती तुम्ही जिथून कनेक्ट झालात त्या कॉम्प्युटरची, समोरच्या मशीनला लावलेली नाही. म्हणजे टोकन माझ्या लॅपटॉपला लावलं असतं तर तिकडे दिसलं असतं. हे सिक्युरिटीच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणे, असेल बाबा. नुसती स्क्रीन शेअर करणारं दुसरं कुठलं टूल वापरलं तर हा त्रास नाही.

यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये कुठलीही स्टेप फेल झाली की ती परत परत ट्राय करायची सोय आहे, नेटवर्कच्या कुरकुरीसाठी घातलेली. टोकनचा पिन मी स्क्रिप्टमध्ये टाकताना शेवटी एक स्पेस राहिली. स्क्रिप्टने चुकीचा पिन टाकला, फेल, परत टाकला, फेल, परत. टोकन लॉक. अ‍ॅडमिन पासवर्ड होता म्हणून वाचलो, तो नसता तर सर्टिफिकेट परत इश्यू करून घ्यायचं, म्हणजे पुन्हा कंपनीची कागदपत्रं, पुन्हा व्हेरिफिकेशनचा फोन. टोकनला हात लावणाऱ्या स्टेपवर रिट्राय नको, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

टाइमस्टॅम्पचा किस्सा वेगळाच. नवीन बिल्ड ठीक झाला म्हणून सहज दोन वर्षांपूर्वीचा इन्स्टॉलर तपासला, एक ग्राहक अजून तोच वापरतो. सही एक्स्पायर्ड. म्हणजे तेव्हा टाइमस्टॅम्प लावलाच नव्हता. सर्टिफिकेट संपतं ते संपू दे, पण सही करताना विश्वासातल्या सर्व्हरने "ही सही अमुक तारखेला अस्तित्वात होती" असा शिक्का मारला असेल तर सर्टिफिकेट संपल्यावरही ती सही धरली जाते. शिक्का नसेल तर सर्टिफिकेटबरोबर सहीही गेली, आणि नंतर मारून उपयोग नाही, वरातीमागून घोडं. मी तावातावाने गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंदवही) शोधलं की टाइमस्टॅम्पची ओळ कुणी काढली. मीच काढलेली. कमिट मेसेज, "बिल्ड अधूनमधून फेल होतोय म्हणून तात्पुरतं". सर्व्हर कधीकधी उत्तर देत नाही हे खरंय, पण त्याचा उपाय म्हणजे दोनतीन सर्व्हरची नावं ठेवून एक नाही तर दुसरा, असा रिट्राय. हो, इथे रिट्राय चालतो, पिनशी संबंध नसेल तर. साइनटूलचा टीआर हा ऑप्शन वापरा, त्याबरोबर टीडी शा-२५६ द्या. आणि पत्ता साधा एचटीटीपीचा दिसला तर घाबरू नका, उत्तरावर स्वतःचीच सही असते. आमच्या एका मशीनवर फायरवॉलने साधा एचटीटीपी बंद केलेला, तिथे हे दोन दिवस अडलं होतं. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल तरी असेच चित्रविचित्र एरर येतात, व्हर्च्युअल मशीन झोपेतून उठवलं असेल तर आधी घड्याळ बघा.

हा मुद्दा पुढे जास्तच टोचणार आहे. कोड सायनिंग सर्टिफिकेट पूर्वी ३९ महिन्यांचं मिळायचं, १ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त ४६० दिवस. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सायनिंगमध्ये तर सर्टिफिकेट तीनच दिवसांचं असतं, तिथे शिक्का नसेल तर तुमचा इन्स्टॉलर आठवडाभरही टिकायचा नाही. तारीख विसरणं मोठ्यांनाही चुकत नाही, मे २०१९ ला मोझिलाचं एक इंटरमीजिएट सर्टिफिकेट संपलं आणि जगभरच्या फायरफॉक्सची अ‍ॅड-ऑन एका झटक्यात बंद पडली होती. मला ते आठवलं की जरा कमी वाईट वाटतं.

साइनटूलने तपासताना पीए हा ऑप्शन विसरू नका. तो नाही दिला तर टूल ड्रायव्हरचे नियम लावून बघतं आणि रूट ट्रस्टेड नाही असं सांगून घाबरवतं, सही एकदम व्यवस्थित असली तरी. माझ्या ओळखीच्या एकाने यावरून सर्टिफिकेट विकणाऱ्यांशी भांडण काढलं होतं. उलट्या बाजूने, तुमच्याकडे पास झालं म्हणून खूश होऊ नका, तुमच्या स्टोअरमध्ये इंटरमीजिएट पडलेलं असतं, ग्राहकाच्या इंटरनेट नसलेल्या मशीनवर नसतं. साइन करताना एसी ऑप्शनने ते सहीबरोबर आत घाला.

आणि हे सगळं हिरवं झाल्यावरही विंडोजवर निळी पाटी येऊ शकते, विंडोजने तुमचा पीसी वाचवला वगैरे. ती सहीची चूक नाही. स्मार्टस्क्रीन, म्हणजे विंडोजचा पहारेकरी, रेप्युटेशन बघतं, फाइलचं आणि प्रकाशकाचं, आणि नवीन सर्टिफिकेटची पत बनायला वेळ लागतो. ईव्ही घेतलं की पहिल्या दिवसापासून पाटी गायब, हे एकेकाळी खरं होतं, २०२४ पासून नाही, तेवढ्यासाठी जास्त पैसे घालू नका. ही पाटीसुद्धा फक्त इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर येते, म्हणजे परत तेच, माझ्या मशीनवर कधीच दिसली नसती.

म्हणून आता बिल्ड झाला की मी स्वतः काही उघडत नाही. एक कोरं व्हर्च्युअल मशीन विंडोजचं आणि एक मॅकचं, त्यावर ना एक्सकोड, ना टोकनचा ड्रायव्हर, ना आमचं कुठलं सर्टिफिकेट. ब्राउझर उघडायचा, डाउनलोडच्या पानावरून फाइल घ्यायची, डबल क्लिक. झालं की स्नॅपशॉट मागे घ्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी ते पुन्हा अनोळखी. मॅकवर जोडीला एसपीसीटीएलने (गेटकीपरचं मत सांगणारी कमांड) विचारून घेतो, अ‍ॅक्सेप्टेड आणि सोर्स नोटराइज्ड डेव्हलपर आयडी असं म्हणाला की मगच टेस्टरला लिंक.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लिंक पाठवली. मॅकवर उघडलं म्हणाली. मग दहा मिनिटं शांतता, मी स्क्रीनकडे बघत बसलेलो. मग विंडोजचा स्क्रीनशॉट आला, सही दिसतेय, नाव दिसतंय, शिक्क्याची तारीख दिसतेय, आणि खाली तिने लिहिलेलं, "सगळं चालतंय, पण तुमच्या अ‍ॅपचा आयकॉन इलेक्ट्रॉनचा का आहे?"